वाड्यावर कॅरल गाताना

येशूच्या जन्माची बातमी सर्वांत आधी रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना मिळाली, असे लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय सांगतो. ऐकून ते तसेच उठले, गोठ्यापर्यंत गेले आणि पाहिलेले सगळ्यांना सांगत सुटले. दारोदारी कॅरल, नाताळची गीते, गाणे म्हणजे हेच काम. देव माणसांत राहायला आला, हा निरोप एकेका उंबऱ्यावर पोचवायचा. कॅरलचा आनंदही त्यातच आहे. म्हणून शब्द कळले पाहिजेत, आणि दारात उभ्या माणसाला गाणे आपल्यासाठीच आहे असे वाटले पाहिजे. बाकीची सगळी तयारी यासाठी.

ख्रिसमसच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे, वाट पाहण्याचे. या रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, ‘ग्लोरिया’ गात नाहीत. देवदूतांचे ते गीत नाताळच्या रात्री परत येते, म्हणून त्या रात्री ते अंगावर शहारा आणते. चर्चमध्ये आगमनकाळाचीच गीते ठेवावीत आणि वाड्यावरच्या, म्हणजे गोव्यातल्या गावाच्या एकेका वस्तीतल्या, फेऱ्या 17 डिसेंबरच्या सुमारास सुरू कराव्यात. महिनाभर आधीपासून कॅरल वाजत राहिली की 24 तारखेला ती शिळी झालेली असतात.

दहा ते पंधरा गाणारे पुरेत. सराव तीन आठवडे, आठवड्यातून दोनदा. गाणी पाच-सहाच निवडा, त्यांतली दोन कोकणी आणि किमान एक मराठी. प्रत्येकाचे पहिले कडवे सर्वांना तोंडपाठ हवे, कारण कागदात डोळे घालून दिलेला निरोप पोचत नाही. उरलेल्या कडव्यांसाठी मोठ्या अक्षरांतले कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. डिसेंबरच्या दवाने शाई पसरते.

पट्टी ठरवताना सर्वांत जास्त चुका होतात. ‘सायलेंट नाइट’चे उदाहरण घ्या. चाल सुरू होते ‘प ध प ग’ अशी, मधल्या सप्तकात, अगदी सोपी. पण शेवटाकडे ती तार सप्तकातल्या मध्यमापर्यंत चढते आणि लगेच खाली षड्जावर उतरते. सुरुवात सोपी वाटते म्हणून पेटीवरच्या पांढरी एकचा सा धरला जातो आणि त्या मध्यमावर निम्मे आवाज फाटतात. सा काळी पाचवर, खालच्या बाजूचा, ठेवा. बायका त्याच सप्तकात गातील, पुरुष त्याखालच्या. कोणतेही कॅरल बसवताना आधी त्याची सर्वांत वरची जागा गाऊन पाहायची आणि मगच सुरुवातीचा सूर द्यायचा.

एकाच वेळी चार वेगळ्या सुरावटी गाण्याचा, चार आवाजांचा, हट्ट नको. हेच गीत 24 डिसेंबर 1818 रोजी ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी पहिल्यांदा गायले गेले, तेव्हा गाणारे मुख्य आवाज दोन होते, गीत लिहिणारे योझेफ मोर आणि चाल देणारे फ्रान्झ ग्रुबर, आणि साथीला एक गिटार. एक मूळ चाल आणि तिच्या खालून चालणारा दुसरा आवाज एवढे नीट जमले की गाणे भरते. भजनात तयार झालेल्या गळ्यांना दोन सवयी आवराव्या लागतात. मींड घेतली, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत गेले, की दुसऱ्या आवाजाशी जुळणारा सूर घसरतो, आणि शेवटी लय वाढवली की शब्द एकमेकांवर चढतात. सहा मात्रांच्या कॅरलला दादऱ्याचे वजन चालते, पण ते पाळण्याच्या हेलकाव्याइतके संथ हवे.

मराठी शब्द परक्या चालीवर बसवताना लांबणाऱ्या सुरावर दीर्घ स्वर यायला हवा. ‘शिशू’तला ऱ्हस्व इकार ताणला की ‘शीशू’ होतो. ‘जन्म’वर ओळ संपली तर तोंड मिटते आणि सूर विझतो. त्या जागी ‘आला’, ‘तारा’, ‘येशू’ असे शब्द येतील अशी ओळ फिरवून घ्या.

गोव्यातल्या मराठी मंडळींकडे याहूनही जवळची एक गोष्ट आहे. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले आणि त्यांचे ख्रिस्तपुराण 1616 मध्ये रायतूरला छापले गेले, तेही मराठी ओव्यांत. त्यातल्या जन्मकथेच्या चार-पाच ओव्या एकाने घरात मांडलेल्या नाताळच्या गोठ्यासमोर म्हणाव्यात, तालाशिवाय, एका श्वासात एक चरण, आणि लगेच सर्वांनी कॅरल उचलावे. आजीच्या तोंडची ओवी आणि चर्चमधले गीत शेजारी-शेजारी ऐकू येतात, तेव्हा घरातली वडीलधारी माणसे आपसूक गुणगुणू लागतात.

साथीला गिटार आणि घुमट, कातड्याने मढवलेले मातीचे वाद्य, पुरे. गारव्यात गिटारच्या तारा आवळून सूर चढतो, म्हणून बाहेर दहा मिनिटे ठेवून मगच ती लावा. घुमटाचे कातडे मात्र दवाने सैल पडते आणि आवाज बसतो. ते कापडात गुंडाळून न्या.

फेरी संध्याकाळी सातला सुरू करून साडेनऊला संपवा. एका घरी आठ-दहा मिनिटे, तीन गाणी. एवढ्या वेळात दहा-बारा घरे होतात. आजारी आणि म्हातारी माणसे असलेली घरे आधी घ्या, ती लवकर झोपतात. दुखवटा असलेल्या घरी आदल्या दिवशी विचारा. हो म्हणाले तर घुमट बाहेर ठेवून एकच संथ गीत गा, थोडे थांबा, प्रार्थना म्हणा आणि निघा. नेवऱ्या-दोदोल पुढे आले तर एकेक घ्या. प्रत्येक घरी बसलात तर शेवटची घरे राहतात. मिळालेले पैसे कोणत्या कामासाठी आहेत ते दारातच सांगा आणि हिशेब कपेलाच्या, वाड्यावरच्या छोट्या चर्चच्या, फलकावर लावा.

राहिलेल्या घरांसाठी 25 नंतरही वेळ असतो. तीन राजांचा सण 6 जानेवारीला येतो, रेइश मागुश, चांदर आणि कासावलीला त्याचे फेस्त, म्हणजे जत्रा, भरते. तोवर एखाद्या संध्याकाळी चौघे-पाच जण गेले तरी चालते.