जुन्या सायकलला टायर घेताना

दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: "सव्वीस का अठ्ठावीस?" तेवढंच सांगून टायर घेऊ नका. माझ्या लेडीज सायकलचा टायर २६ × १ ३/८, भाच्याच्या गियरवाल्या सायकलचा २६ × १.७५. म्हणायला दोन्ही सव्वीसच, पण एकीचा दुसरीला बसत नाही. पहिल्याचा रिमवर बसतो तिथला व्यास ५९० मिलिमीटर, दुसऱ्याचा ५५९.

म्हणून टायरच्या कडेला ३७-५९० असा जोडआकडा शोधा. पहिला आकडा रुंदीचा, त्यात थोडं इकडेतिकडे चालतं. दुसरा व्यासाचा, त्यात अजिबात नाही. रॉड ब्रेकच्या जुन्या काळ्या सायकलींना बहुतेक २८ × १ १/२, म्हणजे ४०-६३५ लागतो. हल्लीचा सातशे सी टायर ६२२ चा. तो तिथे चढत नाही, दुकानदार कितीही ठामपणे सांगो.

आकडा झिजलाय? खडू आडवा धरून कडेवरून फिरवा, उठावाची अक्षरं पांढरी होतात. तेही नाही जमलं तर टायर उतरवा आणि त्याच्या आतल्या काठातली तार रिममध्ये जिथे टेकते तिथून न ताणणारी दोरी फिरवून मोजा. साधारण १९९ सेंटिमीटर भरली तर ६३५, १८५ भरली तर ५९०. (शिवणकामाची टेप दीडशेलाच संपते.)

पुण्यात नाना पेठेत गेलात तर जुना टायर सोबत न्या. नवा हातात घेऊन कड वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या तर तो दुकानात पडूनच म्हातारा झालाय. गुंडाळून ठेवलेल्या टायरची तार मुडपलेली नाही ना, तेही चाचपा. बाटली डायनॅमो (टायरला घासून फिरणारा, दिव्याला वीज देणारा) असेल तर कडेला त्याच्यासाठी खाचांची पट्टी हवी. नक्षी साधीच घ्या, लक्ष्मी रोडला डोंगरातल्या गुठळ्यांचं काय काम!

बसवण्याआधी रिमचा गंज पॉलिश पेपरने घासा, आरे टोचू नयेत म्हणून रिम टेप नवी घाला. वॉल्व्हची रबरी नळीही बदला, दोन-पाच रुपयांसाठी जुनी ठेवू नका.

अर्धी हवा भरून थांबा. चाक फिरवा, कडेची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का बघा. कुठे आत गेली असेल तर हवा सोडून तिथे अंगठ्यांनी बसवा. उरलेली हवा हातपंपानेच भरा. जुन्या स्टीलच्या रिमला आत टायर पकडणारी वळलेली कड नसते, पेट्रोल पंपावरची जोरदार हवा तिला झेपत नाही.