गावच्या ट्रॅक्टरला रुंद टायर घेताय? आधी रिम मोजा

"दादा, ट्रॅक्टर लई रुततोय. रुंद टायर टाकूया. मुंबईत जुने चांगले मिळत्यात म्हणं, बघ की जरा." कराडकडून धाकट्या भावाचा फोन आला आणि पुढच्याच रविवारी मी मागच्या चाकांसाठी १६.९-२८ मापाच्या टायरांची अर्धी झिजलेली जोडी घेऊन मोकळा झालो. दुकानदार म्हणाला, "बसतंय साहेब, सगळेच बसवतात." टेम्पोचं भाडं भरून टायर गावी गेले. गावच्या पंक्चरवाल्यानं ते कसेबसे चढवलेसुद्धा. पण अरुंद रिमवर, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या लोखंडी कड्यावर, दाबले गेल्यामुळे ते मधोमध फुगले, तव्यावरच्या भाकरीसारखे. जमिनीला फक्त मधली नक्षी टेकायची. म्हणजे रुंदीसाठी पैसे मोजले आणि रुंदीच मिळाली नाही. ट्रॉली भरली की डावं चाक मडगार्डला घासायचं, ते वेगळंच. शेवटी निम्म्या किमतीत दुसऱ्याला दिले.

मुंबईत नोकरी आणि गावी शेती असे आपण पुष्कळजण आहोत. गावाहून असा फोन आलाच, तर बाजारात जाण्याआधी पुढच्या गोष्टी त्याच क्रमानं करा.

पहिलं काम: रोग ओळखा

ट्रॅक्टर "रुततोय" म्हणजे नेमकं काय होतंय, हे गावी असलेल्या माणसाला विचारा. चाक जागच्या जागी फिरतंय, की अख्खा ट्रॅक्टर खाली बसतोय? दोन्हींचा इलाज वेगळा आहे. अजून वाफसाच आला नसेल, म्हणजे रान कामाजोगं सुकलंच नसेल, आणि घाईनं रान नांगरायला काढलं असेल, तर कुठलाच टायर तुम्हाला वाचवणार नाही. काळ्या रानात तर नाहीच.

चाक किती घसरतंय हे मोजता येतं. मागच्या चाकावर खडूनं ठळक खूण करा. नांगर वर उचलून त्याच रानात चाकाचे १० फेरे होईपर्यंत चालवा आणि कापलेलं अंतर टेपनं मोजा. मग नांगर जमिनीत घालून पुन्हा १० फेरे. आमच्या मूळच्या १३.६-२८ टायरला मोकळं अंतर ३९ मीटर आलं आणि नांगरासकट ३१ मीटर. ८ मीटर गेले, म्हणजे २० टक्क्यांच्या वर घसरण. शेतात ८ ते १५ टक्के घसरण चालते. त्यापुढे डिझेल आणि टायर दोन्ही नुसते झिजतात.

आता खर्च न करता होणारे इलाज. आधी हवा बघा. आमच्याकडे ट्रॉलीसाठी म्हणून मागच्या चाकांत २५ पौंड हवा ठासलेली असायची आणि त्याच हवेवर नांगरट चालायची. टायर हाताला टणक लागला की आपल्या लोकांना बरं वाटतं. पण वरच्या थरावर टायरचा दाब ढोबळमानानं आतल्या हवेइतकाच पडतो. शेतात १२ ते १४ पौंडांवर टायर थोडा बसतो, नक्षीच्या जास्त पट्ट्या जमिनीला टेकतात आणि पकड येते. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तकातून घ्या. ट्रॉलीला लावताना हवा वाढवायची आणि शेतात कमी करायची. कंटाळवाणं काम आहे, पण फुकट आहे.

दुसरा इलाज म्हणजे टायरमध्ये पाणी. व्हॉल्व्ह वर घेऊन त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण ७५ टक्के भरायचं. १३.६-२८ मध्ये दीडशे लिटरच्या आसपास पाणी बसतं, म्हणजे एका चाकावर दीड क्विंटल वजन वाढलं. अर्थात हा घसरण्यावरचा इलाज झाला. ट्रॅक्टर खाली बसत असेल तर पाण्यानं तो आणखी बसेल.

हे दोन्ही केल्यावर आमची घसरण १३ टक्क्यांवर आली. मी टेम्पो ठरवण्याआधी हे केलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरं: टायरवरचे आकडे वाचा

१३.६-२८ मध्ये १३.६ ही टायरची रुंदी, इंचात, आणि २८ हा रिमचा व्यास, तोही इंचातच. त्यामुळे १२.४-२८, १३.६-२८, १४.९-२८ आणि १६.९-२८ या चारही टायरांच्या मधलं भोक सारखंच. माझी फसगत नेमकी इथं झाली. "२८ ला २८ बसतंय" हे खरंच, पण रिमला रुंदीही असते. ती रिमवर ठोकलेली असते: डब्ल्यू ११, डब्ल्यू १२ अशी. गावाहून त्याचा फोटो मागवा. चिखल आणि गंज खरवडल्याशिवाय दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवा.

१२.४ ला डब्ल्यू ११ रिम योग्य. १३.६ ला डब्ल्यू १२ योग्य, डब्ल्यू ११ चालते. १४.९ ला डब्ल्यू १३ योग्य, डब्ल्यू १२ चालते. १६.९ ला डब्ल्यू १५एल लागते, फार तर डब्ल्यू १४एल. थोडक्यात, आहे त्या रिमवर एक माप वर जाता येतं. दोन मापं वर जायचं असेल तर रिमसकट खर्च धरा. रेडियल टायरवर मिलिमीटरचे आकडे असतात. ३४०/८५ आर २८ म्हणजे आपला १३.६-२८ आणि ३८०/८५ आर २८ म्हणजे १४.९-२८.

तिसरं: जागा आहे का?

हे मी भांडुपच्या चाळीच्या गॅलरीत खडूनं आखून बघितलं. चार फुटांवर दोन सरळ रेषा, म्हणजे उसाच्या दोन ओळी. मधे १३.६ इंचांचा पट्टा आणि त्यावरच १६.९ इंचांचा. शेजारची पोरं ठिक्कर घेऊन हजर झाली. कागदावर ३.३ इंच काहीच वाटत नाहीत. फरशीवर मात्र लक्षात येतं की सरीच्या दोन्ही बगला चाक दाबत जाणार. ऊस, भाजीपाला, ठिबकच्या नळ्या असतील तर रुंद टायर हे नुकसानच. १२ इंची फाळाच्या पलटी नांगराचंही तेच. नांगरानं पाडलेल्या तासात, म्हणजे चरात, एक चाक चालतं, ते तासापेक्षा रुंद असलं की कडेची मोकळी माती पुन्हा दाबून बसवतं.

मडगार्ड आणि टायर यांत निदान दोन इंच मोकळी जागा राहिली पाहिजे, तीही ट्रॉली भरलेली असताना. जागा कमी पडली तर दोन चाकांमधलं अंतर वाढवता येतं. बहुतेक ट्रॅक्टरांची रिम आणि डिस्क (चाकाची मधली तबकडी) उलटसुलट बसवून ते टप्प्याटप्प्यानं बदलतं. यात एक गंमत आहे: अख्खं चाक उलटं केलं की नक्षीची दिशाही उलटते, म्हणून डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे न्यावं लागतं.

१४.९ चा टायर १३.६ पेक्षा उंचही असतो. ट्रॅक्टर मागून इंचभर उचलला जातो, त्याच गिअरमध्ये वेग साधारण ४ टक्क्यांनी वाढतो आणि ओढ तेवढी कमी होते.

चारही चाकांना इंजिनची ओढ असलेला (फोर व्हील ड्राइव्ह) ट्रॅक्टर असेल तर इथं थांबा. त्यात पुढची चाकं मागच्यांपेक्षा १ ते ५ टक्के जास्त अंतर कापतील असं गणित कंपनीनं गिअरमध्ये बसवलेलं असतं. नुसते मागचे टायर मोठे केले की ते गणित मोडतं, पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडायला लागतात आणि भार गिअरवर येतो. अशा ट्रॅक्टरला पुढची-मागची जोडी कंपनीच्या तक्त्यातूनच घ्यायची. खरं तर कुठल्याही ट्रॅक्टरला कंपनीनं पर्याय म्हणून दिलेलंच माप घ्यावं. त्याबाहेर गेलात तर मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२, म्हणजे वाहनातल्या बदलाचा प्रश्न उभा राहतो.

नक्षी

बहुतेक कामांना नेहमीची आर-१ नक्षी पुरते. आर-२ ही भात आणि उसाच्या ओल्या रानासाठी. तिच्या पट्ट्या जवळजवळ दुप्पट खोल असतात, पण डांबरी रस्त्यावर ट्रॉली ओढायची असेल तर त्या भराभर झिजतात. कोकणात भाताच्या खाचरात चिखलणीच (लावणीआधी पाण्यात माती कालवण्याचं काम) करायची असेल तर रुंद टायरांच्या नादाला न लागता लोखंडी चाकं घ्या. फक्त ती लावून रस्त्यावर यायचं नाही. आणि "खोल नक्षी म्हणजे जास्त पकड" असं कोणी म्हणालं तर त्याला सकाळी जुहूला न्या. कचऱ्याची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर ओल्या, घट्ट वाळूवरून झोकात जातो. सुक्या वाळूत अडकला की खोल पट्ट्या फावड्यासारखी वाळू उपसतात आणि चाक आपलाच खड्डा खणतं. तिथं कमी हवा आणि रुंद टायर कामाला येतात.

मुंबईतून घ्यावा का?

माझं मत: नवा टायर गावाजवळच घ्या. इथल्या दुकानांत गाडी आणि ट्रकचा माल जास्त, ट्रॅक्टरचा बऱ्याचदा मागवावा लागतो. एकेक टायर पन्नास किलोच्या वर, त्यामुळे वाहतूक आलीच. शिवाय टायर फुगला, फाटला तर तक्रार घेऊन कोण परत येणार? जुना घ्यायचाच असेल तर टॉर्च घेऊन जा. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा आहेत का, नक्षीच्या मुळाशी चिरा आहेत का, आत ठिगळ आहे का ते बघा. रिमवर बसणाऱ्या कडेची तार उघडी पडली असेल तर फुकट दिला तरी नको. चार आकडी शिक्का शोधा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही ताजी दिसली तरी रबर म्हातारं होतं, आणि काळा रंग फासून तरुण दाखवलेले टायर मी हाताला रंग लागल्यावर ओळखले आहेत.

बसवताना

ट्यूब टायरच्याच मापाची नवी घ्या, जुनी ताणून घालू नका. नक्षीची दिशा टायरवरच्या बाणानं कळते. बाण पुसला असेल तर ट्रॅक्टरच्या मागे उभे राहा, पट्ट्या कौलारू छपरासारख्या दिसल्या पाहिजेत, टोक वर. हवा भरताना टायरसमोर कोणी बसू नये, विशेषतः कड रिमवर चढत असताना. दोन-तीन तास काम झालं की रिमचे आणि डिस्कचे नट पुन्हा आवळा. आम्ही आता डब्ल्यू १२ वरच १४.९-२८ चालवतो, जुने टायर पुरते झिजल्यावर घेतलेले. पहिल्या दिवशी भावानं न्याहारीच्या सुट्टीत पाना लावला तर डाव्या चाकाचे तीन नट अर्धा फेरा फिरले.