जहाजावर जायचंय? आधी डोळे तपासा, पैसे शेवटी भरा

मर्चंट नेव्हीच्या कोर्ससाठी आपल्याकडची घरं कापूस-सोयाबीन विकून आधी फी भरतात आणि मुलाला मेडिकलला नंतर पाठवतात. मेडिकलमध्ये मुलगा नापास झाला की भरलेले पैसे परत मिळवताना नाकी नऊ येतात. हा क्रम उलटा करा.

पहिलं काम डोळ्यांचं. तालुक्याच्या नेत्रतज्ज्ञाकडे इशिहारा तपासणी करून घ्या. रंगीत ठिपक्यांतला आकडा ओळखायचा असतो. लाल-हिरवा फरक कळत नसेल तर इथंच थांबा. रात्री समोरच्या जहाजाची डावी बाजू लाल दिव्यावरून आणि उजवी हिरव्यावरून ओळखतात. तिथं चूक म्हणजे टक्कर. याच फेरीत सिकलसेलची रक्ततपासणीही उरका. विदर्भात हा आजार अनेक घरांत आहे, आणि इंजिनरूमच्या उकाड्यात अंगातलं पाणी कमी झालं की त्रास उसळतो. अहवाल डॉक्टरांपासून लपवू नका. प्रवेशाला मात्र नौवहन महासंचालनालयाने (जहाज वाहतुकीचं केंद्र सरकारी खातं) मान्य केलेल्या डॉक्टरचाच दाखला चालतो.

मग नाव. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांच्या नावात एखादं अक्षर वेगळं. पासपोर्टवर जे छापलं जाईल तेच पुढे इंडोस क्रमांकावर, म्हणजे खलाशांच्या राष्ट्रीय नोंदणीत, आणि सीडीसीवर, म्हणजे खलाशाच्या सेवापुस्तिकेवर येतं. म्हणून आधार दुरुस्त करा, मगच पासपोर्टचा अर्ज भरा. पोलीस पडताळणीच्या वेळी मुलगा गावातच हवा. पुण्याला कामावर असला की फाइल अडते.

दहावीवर जीपी रेटिंग हा खलाशी होण्याचा सहा महिन्यांचा निवासी कोर्स होतो. वय साडेसतरा ते २५, दहावीत गणित-विज्ञान, एकूण ४० टक्के आणि इंग्रजीतही ४० टक्के लागतात. बरेचजण इंग्रजीतच अडतात, ते आधीच पाहा. बारावीला भौतिक, रसायन, गणितात ६० टक्के असतील तर रेटिंगकडे वळूच नका. आयएमयूची, म्हणजे भारतीय सागरी विद्यापीठाची, सीईटी (प्रवेश परीक्षा) देऊन डीएनएस, म्हणजे नौकानयनशास्त्राची पदविका, करा. ती वाट थेट अधिकारीपदाकडे जाते. खलाशी म्हणून लागून अधिकारी होता येतं, पण वर्षं फार जातात.

संस्थेचं नाव महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरच्या यादीत शोधा. नोकरी देणाऱ्या कंपनीचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना क्रमांकही तिथंच तपासा आणि तो चालू आहे ना ते बघा. भरतीसाठी खलाशाकडून पैसे घेणं बेकायदा आहे. ‘कोर्स नको, दुसऱ्या देशाची सीडीसी काढून देतो, टुरिस्ट व्हिसावर जा’ असं कोणी म्हणालं तर उठून या. असे मुलगे परदेशी बंदरात पगाराविना अडकतात आणि सोडवायला कोणीच जबाबदार नसतो.

एवढं जुळलं की फी भरा.

विहिरीत, मामा (माजी मालगुजारी) तलावात पोहणाऱ्यांना कोर्समधला जलसुरक्षेचा धडा सोपा वाटतो, पण लाइफजॅकेट घालून सूर मारायचा नसतो. एका हाताने नाक-तोंड झाकायचं, दुसऱ्याने जॅकेट खाली घट्ट धरायचं, पाय जुळवायचे, नजर समोर ठेवून पाऊल टाकायचं. खाली पाहिलं की अंग पुढे झुकतं आणि माणूस छातीवर आपटतो. जॅकेट धरलं नाही तर ते वर उसळून हनुवटीवर बसतं. जीव वाचवायचा तराफा पाण्यात उलटा पडला तर तो सुलटा करताना तो अंगावर येतो. तेव्हा पाठीवर होऊन, तोंड वर ठेवून बाहेर सरका. पालथं राहिलात तर जॅकेट वर ढकलून तराफ्याखालीच अडकवून धरतं.