१९६६ची पॉन्टियॅक जीटीओ: मूळचे काय राखावे, काय बदलावे

साठच्या दशकातली अमेरिकी मसल कार, म्हणजे मोठ्या, ताकदवान इंजिनाची गाडी, घरी आणणाऱ्यापुढे लवकरच एक पेच उभा राहतो. गाडी कारखान्यातून निघाली तशीच ठेवावी, की आजच्या रस्त्यावर निर्धास्त चालवता यावी म्हणून तिच्यात फेरफार करावेत? याचे उत्तर गाडीगणिक बदलते. म्हणून हाती पाना घेण्याआधी आपल्याजवळ नेमकी कोणती गाडी आहे, याची खात्री करून घ्यावी.

१९६४ आणि १९६५ साली जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल नव्हते; ज्यादा पैसे मोजून घ्यायचा तो एक संच होता. त्यामुळे त्या दोन वर्षांच्या गाड्यांचा चासी क्रमांक त्यांचे अस्सलपण सिद्ध करत नाही, आणि साध्या लमान्सला, म्हणजे हा संच ज्या मॉडेलवर मिळे त्याला, जीटीओचा साज चढवून विकण्याची वाट तिथूनच मोकळी झाली. १९६६पासून जीटीओचा क्रमांक २४२ या आकड्यांनी सुरू होऊ लागला, तरीही मूळ इंजिन आणि मूळ साहित्य कोणते होते ते त्यावरून पूर्ण कळत नाही. पॉन्टियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस ही संस्था कारखान्याच्या जुन्या बिलांच्या नोंदींची प्रत शुल्क घेऊन देते. ती मागवावी आणि इंजिनच्या ब्लॉकवरचा दोन अक्षरी कोड व ओतकामाची तारीख तिच्याशी ताडून पाहावी. गाडी तीन कार्बोरेटरांची, म्हणजे ३६० अश्वशक्तीची ट्राय-पॉवर निघाली आणि कागदही जुळले, तर इंजिनच्या दर्शनी भागाला हात लावू नये, कारण पॉन्टियॅकवर ही रचना मिळण्याचे ते शेवटचेच वर्ष होते. उलट, इंजिन पूर्वीच कुणी बदललेले असेल, तर मूळपणाचा आग्रह बराच सैल करता येतो.

यानंतर ब्रेक पाहावेत, आणि इथे मी शुद्धतावाद्यांशी तडजोड करायला तयार नाही. एकाच चारनळी कार्बोरेटरच्या साध्या ३८९ घनइंची इंजिनालाही ३३५ अश्वशक्ती होती आणि तिला लगाम म्हणून चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. शिवाय मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा जोर ब्रेकच्या तेलावर देणारा भाग, एकाच सर्किटचा असल्यामुळे एक नळी फुटली की पेडल थेट तळाला जाते. पॉन्टियॅकने १९६७मध्ये दोन सर्किटांचा सिलिंडर दिला. ड्रम ब्रेकसाठीचा तोच सिलिंडर जुन्या गाडीवर बसवता येतो. मात्र पुढच्या आणि मागच्या चाकांच्या नळ्या वेगळ्या कराव्या लागतात. काढलेला सिलिंडर आणि नळ्या जपून ठेवल्यास हे काम पूर्णपणे उलटवता येते. पुढे डिस्क ब्रेक लावायचे असतील तर संच मागवण्याआधी तो मूळ १४ इंची चाकांच्या आत मावतो का, हे मोजून घ्यावे. मागच्या ड्रमचा दाब आवरणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हही बसवावा, नाहीतर जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाके आधी लॉक होतात.

इंधनाच्या रबरी नळ्या पाहताच बदलाव्यात, कारण आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुने रबर खराब होते आणि गरम इंजिनावर गळणाऱ्या पेट्रोलला मूळपणाचे कौतुक नसते. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या सीटना शिशाचे संरक्षण मिळे, पण शिशाच्या पेट्रोलवर अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी १९९६पासून बंदी आहे. तरी केवळ व्हॉल्व्हच्या कठीण सीट बसवण्यासाठी धडधाकट इंजिन उघडण्याची घाई करू नये, सिलिंडर हेड अन्य कारणाने निघतील तेव्हा ते काम उरकावे. तेल मात्र जस्ताचे प्रमाण पुरेसे असलेलेच घालावे, कारण या इंजिनच्या कॅमशाफ्टचे सपाट टॅपेट त्याविना लवकर झिजतात. ठिणगीची वेळ साधणाऱ्या जुन्या पॉइंटांऐवजी डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली लपणारा इलेक्ट्रॉनिक इग्निशन संच बसवला तर बाहेरून फारसे काही दिसत नाही. रेडियल टायर जुन्या लाल पट्टीसह मिळतात.

गिअरबॉक्सचा मोह अधिक अवघड आहे. मूळ चार गिअरच्या पेटीत ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनचे फेरे कमी ठेवणारा गिअर, नसतो आणि मागच्या एक्सलचे प्रमाण ३.५५ (चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे तितके फेरे) असेल तर ताशी ११० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे ३,००० फेरे घेते. महामार्गावर तासभर तो आवाज ऐकल्यावर पाचवा गिअर हवासा वाटणे स्वाभाविक आहे. नवी पेटी घालावी, पण तळाचा पत्रा कापावा लागणार असेल तर आधी दुसरी पेटी शोधावी. पत्रा कापणे आणि डॅशबोर्डला भोक पाडणे या दोन गोष्टी मी टाळतो. खांद्यावरच्या सीटबेल्टसाठी मजबुतीची पट्टी लावून पाडलेले भोक एवढाच काय तो अपवाद.

काढलेला प्रत्येक सुटा भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून एका पेटीत ठेवावा, त्याचा जागेवरचा फोटो आधी काढून ठेवावा आणि त्याचे नट-बोल्टही पिशवीत घालून त्याच्याबरोबरच ठेवावेत. विमा ठरलेल्या किमतीचा, म्हणजे गाडीची किंमत कंपनीशी आधीच ठरवून घेतलेला, असेल तर प्रत्येक फेरबदल कंपनीला लेखी कळवावा, आणि गाडी विकताना कारखान्याच्या बिलाची प्रत व ती पेटी गाडीबरोबरच द्यावी.