ब्लोअर चढवायच्या आधी कॉम्प्रेशनचा हिशोब करा
अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये हॉट रॉड (ताकद वाढवून नव्याने बांधलेली जुनी गाडी) बांधणारे बरेच जण शेवरलेच्या 350 स्मॉल ब्लॉक व्ही-8 इंजिनावर 6-71 ब्लोअर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा सुपरचार्जर, बसवतात (हा मूळचा जीएमसीच्या डिझेल इंजिनांचा, 6 सिलिंडर आणि प्रत्येकी 71 क्युबिक इंच म्हणून 6-71), आणि दिसतो पण काय जबरदस्त! पण आधी पिस्टन कोणते आहेत ते बघा, कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) त्यांच्यावर ठरतो. साधा हिशोब आहे, बूस्टला (ब्लोअरने वाढवलेला हवेचा दाब, पीएसआय म्हणजे पौंड प्रति चौरस इंचमध्ये) 14.7 ने, म्हणजे वातावरणाच्या दाबाने, भागायचं, त्यात 1 मिळवायचा आणि कॉम्प्रेशन रेशोने गुणायचं, म्हणजे 8 चा रेशो आणि 6 पीएसआय बूस्ट असेल तर साधारण 11.3 चा एकूण रेशो येतो, पंपावरच्या चांगल्या पेट्रोलवर हे निभतं, पण तेच 10 च्या रेशोवर 14 च्या वर जातं आणि मग नॉकिंग (मिश्रण आपोआप, धक्क्याने पेटणं) होऊन पिस्टन फुटायला वेळ लागत नाही. बूस्ट कमी करायचा तर ब्लोअरची वरची पुली मोठी टाका, सुरुवात तिथूनच करा.

आणि कार्ब्युरेटरचं एक लक्षात ठेवा, तो ब्लोअरच्या वर बसतो, त्यामुळे खाली मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) बूस्ट असला तरी पॉवर व्हॉल्व्हला (व्हॅक्यूम कमी झाला की जास्तीचं पेट्रोल सोडणारा कार्ब्युरेटरमधला व्हॉल्व्ह) वरचा व्हॅक्यूमच जाणवत राहतो, तो उघडत नाही आणि नेमका लोडवर मिक्स्चर लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. म्हणून पॉवर व्हॉल्व्हचा सिग्नल होजने ब्लोअरच्या खालून, मॅनिफोल्डमधून घ्या, किंवा तशी सोय असलेला ब्लोअर कार्ब्युरेटरच विकत घ्या. इग्निशन टायमिंगही जपून, बूस्टमध्ये थोडं मागेच ठेवा, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडू द्या.