घरी पोकर बसवताय? आधी खर्चाचं आणि नाल काढण्याचं बघा

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन मनी गेमवर बंदीचा कायदा आला, मोबाइलवरचा पैशांचा पोकर बंद झाला आणि आता आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींत दर शनिवारी कोणीतरी म्हणतंच, अरे कोणाच्या तरी घरीच बसू ना. बसा की. पण ज्याच्या घरी बसणार त्याच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची, नाल काढायची नाही, म्हणजे घरवाल्यानं खेळातून स्वतःचा वाटा घ्यायचा नाही. आपल्याकडे १८६७ चा पब्लिक गॅम्बलिंग ॲक्ट लागू आहे आणि त्यात अड्डा कशाला म्हणायचं तर जिथं घराच्या किंवा पत्त्यांच्या वापरातून घरवाल्याला फायदा होतो ती जागा. मग पॉटमागे (डावात मध्ये जमलेल्या रकमेमागे) १० रुपये घ्या नाहीतर "चहापाण्याचे" म्हणून डब्यात टाकायला लावा, पोलिसांच्या लेखी तो फडच. पैसे लावून खेळलं आणि नाल नाही काढली तर चालतं का, असं लोक विचारतात. पोकर कौशल्याचा की नशिबाचा यावर कोर्टांचंच एकमत नाहीये, गुजरात हायकोर्टानं २०१७ मध्ये त्याला जुगारात धरलं, त्यामुळे बडोद्याच्या नातेवाइकांकडे गेलात तर हा उत्साह घरीच ठेवून जा. माझं मत सरळ आहे, चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) नुसत्या चिप्स ठेवा, टूर्नामेंट खेळा, म्हणजे सगळ्यांना सुरुवातीला सारख्या चिप्स आणि संपल्या की बाहेर, आणि जिंकणाऱ्याला एक फिरता कप. पहिल्यांदा सगळे नाक मुरडतात, तासाभरानं तेच लोक एका कॉलसाठी (समोरच्याइतक्याच चिप्स लावायच्या का, यासाठी) पाच मिनिटं विचार करत बसतात.

आता सामान. ३०० चिप्सचा सेट साधारण अडीच-तीन हजारांत येतो आणि आठ जणांना तो पुरतो, ५०० चा घ्यायची हौस नको. पण घेताना आत २५, १००, ५०० आणि १००० च्या किती आहेत ते बघा, कारण माणशी २५ च्या आठ, १०० च्या आठ, ५०० च्या चार आणि १००० च्या दोन दिल्या की बरोबर ५००० होतात, २२ चिप्स, आठ जणांच्या १७६. उरलेल्या सुट्ट्या करायला. सेटवर आकडेच नसतील तरी चालेल, रंग ठरवा आणि कागदावर लिहून भिंतीला लावा.

पत्ते मात्र प्लास्टिकचेच घ्या आणि दोन कॅट, पाठीचा रंग वेगळा, म्हणजे एक वाटला जातोय तोवर शेजारचा दुसरा पिसून ठेवतो. कागदी कॅट आपल्याकडे टिकूच शकत नाही कारण आपल्याकडे सेव असते. लवंग सेव खाल्लेल्या बोटानं कोणी इस्पिकचा एक्का धरला की त्याच्या पाठीवर पिवळट डाग पडतो, आणि पुढं तो एक्का कोणाच्या हातात आहे हे सगळ्या टेबलाला कळतं, म्हणजे खेळच संपला. प्लास्टिकचा ओल्या फडक्यानं पुसता येतो. तरी सेव वाटीत आणि वाटीत चमचा, हा नियम मी आजीसमोरही मोडू देत नाही. टेबल वेगळं घेऊ नका, डायनिंग टेबलवर जुनी सोलापुरी चादर दुहेरी घाला, चिप्सचा आवाज खालच्या फ्लॅटमध्ये जात नाही आणि पत्ते उचलायलाही सोपे. डीलर बटण (पत्ते वाटायची पाळी कोणाची हे दाखवणारी खूण) म्हणून कॅरमचा स्ट्रायकर झकास.

नवीन लोक बहुतेक दिवाळीच्या तीन पत्तीतून आलेले असतात आणि तिथंच भांडण होतं. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीची पानं) कलरच्या (एकाच चिन्हाची पानं) वर असते, पोकरमध्ये उलटं, कलर वर. आणि ज्या ट्रेलवर तिकडे सगळं जिंकतो ती तीन एकसारखी पानं इथं सिक्वेन्सच्याही खाली. म्हणून हातांची क्रमवारी मोठ्या अक्षरात छापून टेबलावर ठेवाच. दुसरं भांडण ऑल-इनचं, म्हणजे कोणी हातातल्या सगळ्या चिप्स लावल्या की. एकाकडे १००० च आहेत आणि बाकी दोघांनी २००० लावले तर मेन पॉट ३००० चा, त्यात तिघंही, आणि वरचे २००० बाजूला वेगळे, ते फक्त त्या दोघांत. हे पहिला पत्ता वाटायच्या आधी समजावून सांगा, मध्येच समजावलं तर हरणाऱ्याला वाटतं की त्याच्याचविरुद्ध नियम काढला.

वेळेचं गणित असं की ब्लाइंड्स (दर डावाला दोघांनी पत्ते बघायच्या आधी लावायच्या चिप्स, एक लहान, एक मोठा) २५-५० पासून सुरू करा आणि दर २० मिनिटांनी वाढवा, ५०-१००, ७५-१५०, १००-२०० असं करत. टेबलावर एकूण ४०००० चिप्स आहेत, त्यामुळे मोठा ब्लाइंड २००० च्या आसपास गेला की खेळ आपोआप आटपतो, साडेतीन-चार तास धरा. लेव्हल अर्ध्या तासाची केली तर रात्री दोन वाजतील आणि मग घरचे तुम्हाला पुन्हा बसू देणार नाहीत. लवकर बाहेर पडलेल्यांसाठी शेजारच्या खोलीत मेंढीकोट लावून द्या, नाहीतर ते मागे उभे राहून दुसऱ्यांची पानं बघतात आणि "हूं" करतात, हा "हूं" फार महागात पडतो.

खाण्याचा खर्च खेळापासून पूर्ण वेगळा. मी तर घरी फक्त चहा, सेव आणि पाणी ठेवतो, जेवून या असं ग्रुपवर आधीच टाकतो, कारण सात जणांना वाढत बसलं तर घरवाल्याचा खेळ होत नाही आणि बायकोचा शनिवार जातो, आणि हा खर्च कोणीच धरत नाही. आठ वाजता सुरू, बाराच्या आत संपवायचं, चिप्स रंगाप्रमाणे मोजून पेटीत, आणि मग गाड्या काढून सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात. थंडी असेल तर गराडू (तळलेला कंद), नसेल तर भुट्ट्याचा कीस, बिल जागेवरच सगळ्यांत सारखं वाटायचं, कप जिंकलेल्यानं सुद्धा.