मॉडिफाय केलेली गाडी एक्स्चेंजला देताय? या चुका टाळा

शोरूमच्या एक्स्चेंज विभागात मी सहा वर्षं जुन्या गाड्यांचं व्हॅल्युएशन केलं. आता गाड्या नावावर करून देणं, बँकेचा बोजा उतरवणं ही कामं करतो. त्यामुळे जुन्या गाडीवरून शोरूम आणि गिऱ्हाईक यांच्यात होणाऱ्या भांडणाच्या दोन्ही बाजू मी जवळून पाहिल्या आहेत. महिन्याला एक तरी माणूस नोटीस हातात घेऊन येतो आणि गोष्ट तीच निघते: गाडीत काहीतरी बदललेलं होतं, त्याबद्दल तोंडी बोलणं झालं होतं आणि कागदावर काहीच आलं नव्हतं. लोक नव्या गाडीच्या किल्लीकडे बघत सह्या करतात आणि जुनी गाडी डोळ्यांआड झाली की विषय संपला असं समजतात. म्हणून हे एकदाच सविस्तर लिहितो.

न वाचता डिक्लरेशनवर सही करणे

सर्वांत जास्त माणसं इथे अडकतात. डिलिव्हरीच्या दिवशी दहा-बारा कागद पुढे येतात. त्यात एक असतो, "सदर वाहनात आरसीमध्ये नमूद असल्याव्यतिरिक्त कोणताही बदल केलेला नाही." बोटाने दाखवलेल्या जागी सही होते. ज्याने बाहेरून सीएनजी किट बसवलंय, रंग बदललाय किंवा इंजिन बदललंय, त्याने त्या सहीने स्वतःविरुद्ध पुरावा तयार करून दिलेला असतो.

माझ्या ओळखीतल्या एका शिक्षकांचं प्रकरण सांगतो. पेट्रोल गाडी, बाहेरच्या गॅरेजमध्ये सीएनजी किट बसवलेलं. किट मान्यताप्राप्त होतं, सिलिंडरची हायड्रो टेस्टही (तो दाब सहन करतो का, याची चाचणी) वेळेवर केलेली. पण आरसीवर इंधनाच्या रकान्यात "पेट्रोल" एवढंच. गॅरेजवाला म्हणाला होता, "सर, आरटीओचं नंतर बघू," आणि ते नंतर चार वर्षांत आलं नाही. खरं तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल केल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर चढवून घ्यायचा असतो.

सरांनी गाडी एक्स्चेंजला दिली. व्हॅल्युएशन करणाऱ्या मुलाने बॉनेट उघडलं, डिकीतलं सिलिंडर पाहिलं, फोटो काढले, भाव सांगितला. आठवड्याने सरांनी वरचं डिक्लरेशन सही करून दिलं. सात आठवड्यांनी शोरूमची नोटीस आली. पुढच्या गिऱ्हाइकाची ट्रान्सफर आरटीओत अडली होती, कारण गाडीत सीएनजी आणि आरसीवर पेट्रोल. शोरूमने त्या गिऱ्हाइकाचे पैसे परत केले आणि सगळं नुकसान सरांकडून मागितलं. "तुम्ही माहिती लपवून फसवणूक केली," हे वाक्य नोटिशीत तीनदा होतं. शाळेत पस्तीस वर्षं मान खाली घालायची वेळ न आलेला माणूस माझ्यासमोर बसून ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होता.

मी त्यांचा फोन मागून घेतला आणि त्या मुलाबरोबरचं चॅट वर वर सरकवत गेलो. एक फोटो सापडला. व्हॅल्युएशन शीट, टेबलावर तिरकी ठेवलेली, कोपऱ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग. खाली बॉलपेनने घाईत खरडलं होतं: "सीएनजी बाहेरचं, आरसीवर नाही." भाव कळवताना त्या मुलाने शीटचाच फोटो पाठवून दिला होता.

त्या एका ओळीने सर वाचले. करार कायदा, १८७२ च्या कलम १७ मध्ये फसवणूक म्हणजे काय ते दिलंय. ज्याला गोष्ट आधीपासून माहीत आहे आणि ती माहीत असूनच ज्याने भाव ठरवला, तो फसला असं म्हणता येत नाही. कलम १९ मधला अपवादही लक्षात ठेवण्यासारखा आहे. समोरच्याला साधी काळजी घेऊन खरं काय ते कळण्यासारखं असेल, तर तुम्ही गप्प राहिलात किंवा नकळत चुकीचं बोललात एवढ्यावरून त्याला करार मोडता येत नाही. रोज गाड्या तपासणाऱ्या शोरूमला डिकीतलं सिलिंडर दिसलं नाही, हे कुणाला पटणार?

पण मेख इथेच आहे. हा अपवाद गप्प राहण्याला आणि नकळत झालेल्या चुकीला आहे. जाणूनबुजून खोटं लिहून दिलं असेल तर तो कामाला येत नाही. शीटचा फोटो नसता, तर सरांच्या हातात काय उरलं असतं? त्यांच्याच सहीचं "कोणताही बदल नाही". शेवटी किट आरसीवर चढवायचा खर्च सरांनी दिला आणि बाकीची मागणी शोरूमने लेखी मागे घेतली.

माझी सवय अशी: त्या वाक्यापुढे हाताने लिहायचं, "खालील बदल वगळता," आणि खाली एकेक बदल. बाजूला सही, तारीख, आणि शोरूमच्या माणसाचीही सही. तो म्हणेल, "साहेब, आमचा फॉर्म छापील आहे, त्यावर लिहिता येत नाही." लिहिता येतं. तो ऐकत नसेल तर तीच यादी त्याच्यासमोर उभं राहून शोरूमच्या ईमेलवर पाठवा आणि मगच सही करा. पुढे प्रकरण कोर्टात गेलं, तर मोबाइलमधल्या फोटोसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून मूळ चॅट पुसू नका आणि फोन बदलताना ते हरवू देऊ नका.

व्हॅल्युएशननंतर पार्ट काढून घेणे

यात मात्र मी गिऱ्हाइकाची बाजू घेणार नाही. गाडी दाखवायला आणताना मोठे अलॉय व्हील, महागडी म्युझिक सिस्टिम, नवे टायर. गाडी द्यायला आणताना साध्या रिम, घासलेले टायर आणि डॅशबोर्डमध्ये भोक. "ते माझ्या पैशाने बसवलेलं होतं," असं वर ऐकायचं. बसवलं असेल तुमच्या पैशाने, पण भाव जी गाडी उभी होती तिचा ठरला.

मी कामाला असताना एकाने नेमकं हेच केलं. शोरूमने डिलिव्हरीच्या दिवशी भावातून पंचेचाळीस हजार कापले. नव्या गाडीला हार घालून झाला होता, घरची मंडळी फोटोसाठी उभी होती आणि काउंटरवर हमरीतुमरी सुरू होती. शीट मीच भरली होती. मी लिहिलं होतं, "अलॉय: हो. टायर: चांगले." साइज नाही, टायरवरचा नंबर नाही. तो म्हणाला, हेच टायर होते. मला खात्री होती की नव्हते, पण माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. मॅनेजरने कपात निम्मी केली आणि दोन्ही बाजू चिडून घरी गेल्या. त्या दिवसापासून मी टायरच्या बाजूवरचे चार आकडे टिपल्याशिवाय शीट पूर्ण केली नाही. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे लिहिलेले असले की वाद दोन मिनिटांत मिटतो.

पार्ट ठेवायचेच असतील तर व्हॅल्युएशनच्या आधी काढा. कंपनीचे मूळ पार्ट चढवा आणि मग गाडी दाखवा. एका रविवारचं काम आहे. ज्यांना तेवढाही धीर नसतो, तेच नंतर दोन वर्षं तारखांना हेलपाटे घालतात.

कोऱ्या फॉर्मवर सह्या

गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून देऊ नका. घेणाऱ्याचं नाव आणि तारीख भरल्याशिवाय पेन टेकवायचं नाही.

कायद्याच्या लेखी मालक तोच, ज्याचं नाव आरसीवर आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये हेच सांगितलं. गाडी हातोहात विकत पुढे गेली होती, अपघात भलत्याच माणसाकडे असताना झाला, तरी भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर आली. मॉडिफाय केलेल्या गाडीत हा धोका वाढतो, कारण तिची ट्रान्सफर आरटीओत अडण्याची शक्यता जास्त. ती अडली की गाडी रस्त्यावर धावत राहते आणि नाव तुमचंच.

१ एप्रिल २०२३ पासून यावर चांगला उपाय आहे. जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत मान्यता घेता येते. अशा डीलरला गाडी देताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरला की तेव्हापासून तो मानीव मालक (नाव आरसीवर नसलं तरी कायद्याने मालक मानला जाणारा) ठरतो आणि गाडीची जबाबदारी त्याच्याकडे जाते. म्हणून पहिला प्रश्न "भाव किती" हा नको, "तुमच्याकडे मान्यतेचं प्रमाणपत्र आहे का" हा हवा. नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे १४ दिवसांच्या आत गाडी दिल्याची खबर आरटीओला तुम्ही स्वतः द्या. एजंट देईल म्हणून बसून राहू नका. मी स्वतः हे काम करतो, तरी हेच सांगेन.

गाडी देताना तारीख, वेळ आणि किलोमीटरचा आकडा लिहिलेली डिलिव्हरी नोट घ्या. वेळ लिहायला लोक हमखास विसरतात. संध्याकाळी सहाला दिलेल्या गाडीचं रात्री आठचं चलन आलं, तर त्या एका आकड्यावर सगळं ठरतं.

"शोरूमवाला मुद्दाम भाव पाडतोय"

काही वेळा पाडतो, हे मान्य. पण त्याची भीतीही खरी आहे. त्याच कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे नियमबाह्य गाडी विकणाऱ्या डीलरला एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार, किंवा दोन्ही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल कलम ५२ खाली चालत नाही. तेव्हा चाळीस हजारांचा सायलेन्सर आणि पुढचा लोखंडी बुलगार्ड यांचे पैसे एक्स्चेंजमध्ये मागू नका. बुलगार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे. तो काढा, भंगारात द्या.

बाकीच्या चुका थोडक्यात.

इंजिनचं रीमॅपिंग (ताकद वाढवण्यासाठी कंट्रोल युनिटमधलं सॉफ्टवेअर बदलणं) केलं असेल तर सांगा. मूळ फाइल परत टाकली की कळत नाही, हा गॅरेजमधला समज आहे. अनेक गाड्यांचा कंट्रोल युनिट किती वेळा फ्लॅश झाला ते कंपनीच्या स्कॅनरवर दिसतं.

रंग बदलला असेल तर आधी आरसीवर घ्या.

नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, तुमचा असतो. गाडी देण्याआधी विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं.

फास्टॅग गाडी द्याल त्याच दिवशी बंद करा.

कर्ज फिटलं असलं तरी फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवल्याशिवाय आरसी मोकळी होत नाही. हे डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी आठवून उपयोग नाही.

वाद झालाच तर

काउंटरवर आरडाओरडा आणि मग सोशल मीडियावर शोरूमचं नाव घेऊन पोस्ट, हा क्रम मला अजिबात पटत नाही. त्या पोस्टवरून उलट मानहानीची नोटीस आलेली मी पाहिली आहे. आधी लेखी तक्रार, पोचपावतीसह. मग १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. नाही मिटलं, तर जिल्हा ग्राहक आयोग. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. एक्स्चेंजमध्ये तुम्ही नवी गाडी घेतलेली असते, त्यामुळे ग्राहक म्हणून तुमची बाजू भक्कम असते. नुसती जुनी गाडी विकली असेल, तर "तुम्ही ग्राहकच नाही" हा मुद्दा समोरून येणारच. मग दिवाणी दाव्याचाही विचार करावा लागतो आणि त्यासाठी वकिलाला भेटावं लागतं. भेटायला जाल तेव्हा व्हॅल्युएशन शीट, डिक्लरेशन, डिलिव्हरी नोट आणि सगळं चॅट तारखांप्रमाणे लावून न्या. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांकडे शीटच नसते. ती व्हॅल्युएशन झाल्या झाल्या मागून घ्या, तिथेच, गाडीची किल्ली परत घेण्याआधी.